आपलं कॉलेज, त्यांचं कॉलेज

जून तोंडावर आला की आपल्या वस्त्यांमधून एक प्रश्न फिरायला लागतो. बारावी झालेलं पोरगं येतं, सोबत कधी बाप असतो, कधी थोरला भाऊ. विचारतात, कोणत्या कॉलेजात घालावं? पोरगं अभ्यासवर्गाला बसलेलं असलं, मोर्च्यात चाललेलं असलं, तर त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. तिथं आपलं जमेल का? खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावता येईल का? चौदा एप्रिलला कार्यक्रम घेतला तर ऑफिसात बोलावणं येईल का? बापाला फी कळते, पोराला हवा कळते.

ह्या प्रश्नावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. एक म्हणतो आपल्याच संस्थेत जा, दुसरा म्हणतो नावाजलेल्या कॉलेजात जा आणि तिथं झेंडा रोव. दोघंही इतिहास सांगत नाहीत. मला इतिहासच सांगायचाय. कारण विचाराप्रमाणं कॉलेज निवडणं ही गोष्ट ह्या देशात फार जुनी आहे, पण ती आपल्यापर्यंत फार उशिरा आलीय, आणि आली तेव्हाही निराळ्या वाटेनं आलीय.

सुरुवात धारवाडपासून करावी लागते. १८५६ साली तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. सरकारनं नाकारला. एक पोरगं घेतलं तर बाकीची सगळी जातील, हे कारण. प्रकरण वरपर्यंत गेलं, आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारनं जाहीर केलं की ज्या शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालतात त्या सर्व जातींना खुल्या. पण त्यातच एक पाचर मारून ठेवली. ज्या शाळांना लोकवर्गणीचा आधार आहे तिथं हा नियम लादायचा सरकारचा विचार नाही. म्हंजे वर्गणी देणाऱ्यांची मर्जी. आणि वर्गणी कोण देतो हे सांगायला नको.

ही पाचर ध्यानात ठेवा. पुढची शंभर वर्षं आपल्या माणसाचं कॉलेज ह्या पाचरीनं ठरवलं. पैसा सरकारचा असेल तर दार निदान कागदावर उघडं. पैसा समाजाचा असेल तर समाज जसा तसं दार.

आता त्यांच्याकडं बघा. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ ला फर्ग्युसन. टिळक आणि आगरकर एकाच छपराखाली. दोघांचं पटेना, आणि टिळक १८९० साली बाहेर पडले. आगरकर पुढं प्राचार्य झाले. ज्याला सुधारणा पटते त्यानं इकडं बसावं, ज्याला आधी स्वराज्य पाहिजे त्यानं तिकडं बघावं, अशी सोय त्या पोरांना होती. १९०५ साली विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून सावरकरांना फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढलं. दंड झाला. तरी ते बी. ए. झाले आणि विलायतेला गेले. राजकारण केलं म्हणून शिक्षा झाली, पण शिक्षण बुडालं नाही. मागं उभा राहणारा समाज होता, पैसा होता, वर्तमानपत्र होतं.

दुसरं उदाहरण निजामाच्या राज्यातलं. १९३८ साली औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला. उस्मानिया विद्यापीठानं त्यांना काढून टाकलं. मग काय झालं? नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. निजामाविरुद्ध ती पोरं उभी राहिली, त्यांच्या हिमतीला मी नाव ठेवत नाही. मी एवढंच म्हणतो की एका विद्यापीठानं हाकललं तर दुसरं दार उघडून बसलेलं होतं. आपल्या पोरांना असं नागपूर कधी मिळालं? १९३८ साली आपला पोरगा मॅट्रिक झाला तर गावात वाजत गाजत मिरवणूक निघायची. त्याला कुठून हाकलणार? आधी आत तर जायला पाहिजे.

असहकाराचं तसंच. १९२० साली गांधींनी सांगितलं, सरकारी शाळा-कॉलेजं सोडा. राष्ट्रीय विद्यापीठं निघाली. गुजरात विद्यापीठ १९२० चं, पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ चं. सोडणाऱ्यांनी सोडलं, त्याग झाला, त्यांची नावं छापून आली. त्याच १९२० च्या जुलैत बाबासाहेब बोटीनं लंडनला चालले होते. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, नवल भथेनांकडून पाच हजाराचं कर्ज, शाहू महाराजांची मदत, एवढ्या शिदोरीवर. इकडं सरकारी कॉलेज सोडणं ही देशभक्ती ठरत होती, आणि तिकडं आपला माणूस साहेबाच्या राजधानीत साहेबाच्या कॉलेजात घुसत होता. ह्या गोष्टीवरनं बाबासाहेबांना देशद्रोही म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत. त्यांना एकच विचारावं. ज्याच्या ताटात भाकरीच पडली नाही त्याला उपासाचं पुण्य कसलं शिकवता?

आता बाबासाहेबांची स्वतःची कॉलेजं बघू. आपण त्यांच्या पदव्या पाठ म्हणतो, पण ती कॉलेजं कोणाची होती, तिथं कोण शिकवत होतं, हे बघत नाही.

१९०७ ला मॅट्रिक, त्यानंतर एलफिन्स्टन. एलफिन्स्टन का? सरकारी म्हणून. धारवाडची पाचर आठवा. केळुसकर गुरुजींनी खटपट केली, सयाजीराव महाराजांनी महिना पंचवीस रुपये दिले. प्राध्यापक म्यूलर पुस्तकं द्यायचे. पण कॉलेजच्या हॉटेलवाल्या ब्राह्मणानं चहा-पाणी कधी दिलं नाही. दार सरकारचं, कप मात्र जातीचा. त्याआधी शाळेत संस्कृत पाहिजे होतं, ते मिळालं नाही, फारसीवर भागवावं लागलं. १९१२ ला बी. ए. झाले. पुढं सिडनहॅमला प्राध्यापक म्हणून गेले तर काही सहकारी प्राध्यापकांनी पाण्याच्या माठावरून कुरकुर केली. विद्यार्थी असताना कप नाही, प्राध्यापक असताना माठ नाही.

१९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात. इथं माणसाला पहिल्यांदा कळलं की एकाच टेबलावर जेवता येतं. जॉन ड्यूई, सेलिग्मन, गोल्डनवायझर असले मास्तर मिळाले. लाला लजपतराय त्या काळात अमेरिकेत होते, हिंदी विद्यार्थ्यांना चळवळीत ओढत होते. बाबासाहेब ओढले गेले नाहीत. अभ्यासाला आलोय, अभ्यास करणार. आपले काही जहाल दोस्त ही गोष्ट झाकून ठेवतात, त्यांना वाटतं ह्यानं बाबासाहेब मवाळ दिसतात. मला उलटं वाटतं. पुढं वीस वर्षांनी 'जातिप्रथेचं उच्चाटन' लिहिताना ते ड्यूईचं ऋण मोकळेपणानं मान्य करतात. तिथं खर्ची घातलेले तास इथं धर्मशास्त्राच्या छाताडावर बसायला उपयोगी पडले.

आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. ही संस्था १८९५ साली सिडनी आणि बीअ‍ॅट्रिस वेब ह्या फेबियन समाजवादी मंडळींनी काढलेली. वाटेल की बाबासाहेब तिथं समाजवाद शिकायला गेले. पण त्यांचे मास्तर एडविन कॅनन, आणि कॅनन काही फेबियन नव्हे, जुन्या उदारमतवादी अर्थशास्त्राचा माणूस. १९२३ साली 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध पुस्तकरूपानं छापला तेव्हा कॅननसाहेबांनी प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेतच ते म्हणतात की ह्यातल्या काही मतांशी मी सहमत नाही. तरी लिहिली! विद्यार्थ्याचं मत पटत नाही, पण त्याचं काम खणखणीत आहे हे मास्तर छापून सांगतो. आपल्याकडच्या किती विद्यापीठांत असा गाईड मिळेल? मत पटलं नाही की इथं सहीच अडकते, आणि सही अडकली की शिष्यवृत्ती अडकते.

तर बाबासाहेब आपल्या विचाराच्या कॉलेजात कधी शिकलेच नाहीत. तसं कॉलेजच नव्हतं. ते त्यांना काढावं लागलं.

त्याच्याही आधी वसतिगृहं आली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातीची बोर्डिंगं काढली, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ला निघाली आणि १९२५ च्या जानेवारीत तिनं सोलापूरला वसतिगृह उघडलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. हे सगळे लोक आधी कॉलेज नाही, आधी झोपायची जागा आणि दोन वेळची भाकरी शोधत होते, कारण त्यांना आपलं घर ठाऊक होतं. आपल्या पोराला वर्गाबाहेर काढायला मास्तर लागत नाही, घरमालक पुरतो. शहरात खोली मिळत नाही की शिक्षण संपलं. पोरींचं तर विचारूच नका. वसतिगृह नाही तर कॉलेज नाही, इतका रोखठोक हिशेब घरोघर चालतो, आणि त्यात आईबापाची सगळी चूक आहे असं मला म्हणवत नाही.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ ला स्थापन झाली. २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, लढाई संपल्यावर रिकाम्या झालेल्या लष्करी बराकींमध्ये. नंतर फोर्टमधल्या आनंद भवन आणि बुद्ध भवनमध्ये आलं. ह्या कॉलेजचं सगळ्यात मोठं राजकारण कशात होतं ठाऊक आहे? त्याच्या वेळेत. वर्ग सकाळी. पोरगं सकाळी लेक्चर ऐकून दहा-अकराला कचेरीत कारकुनीला हजर. गिरणीत, पोस्टात, रेल्वेत, बंदरात कामाला असलेल्या माणसाला डिग्री घेता येईल असा तो बंदोबस्त. मोठमोठ्या कॉलेजांच्या माहितीपत्रकात समता हा शब्द सापडतो, पण वेळापत्रक बापाच्या पगारावर जगणाऱ्या पोरांचं असतं. सिद्धार्थचं वेळापत्रक मजुराच्या पोराकडं बघून बनवलं होतं. म्हणून मी येणाऱ्या पोरांना सांगतो की माहितीपत्रक नंतर वाच, टाइमटेबल आधी बघ.

आता खरी गंमत. सिद्धार्थचे पहिले प्राचार्य कोण? अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर. एलफिन्स्टनमधून आलेले संस्कृतचे पंडित, जातीनं ब्राह्मण. ज्याला शाळेत संस्कृत नाकारलं गेलं त्या माणसानं कॉलेज काढलं आणि संस्कृतच्या ब्राह्मण पंडिताला पहिल्या खुर्चीवर बसवलं. औरंगाबादला मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस, तेही आपल्या जातीचे नव्हेत. पण ह्याच चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं. मिलिंदची पोरं त्यात कामं करायची. आज काही मंडळी आपल्या संस्थेत आपल्याच पोटजातीचा माणूस पाहिजे म्हणून भांडतात, त्यांनी ही दोन नावं घोकावीत. बाबासाहेबांनी मास्तर निवडताना जात धरली नाही, काम धरलं. आणि सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची पार्लमेंट होती, नुसती गॅदरिंगची करमणूक नव्हे. तिथं बाबासाहेब हिंदू कोड बिलावर बोलले. देशाच्या कायदेमंत्र्यानं देशाच्या पार्लमेंटात जे मांडायचं ते ह्या पोरांच्या पार्लमेंटातही मांडलं. दर्जा असा राखला जात होता.

मराठवाड्याचं निराळं. तिथं औरंगाबादला इंटरमीजिएटपर्यंत कॉलेज होतं, पुढं शिकायचं तर हैदराबाद गाठा. शिवाय उस्मानियाची भाषा उर्दू. महार-मांगाच्या पोरानं मराठी सोडून आधी उर्दू पेलायची, मग इतिहास नि गणित. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि दोन वर्षांच्या आत, १९५० च्या जूनमध्ये सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज उघडलं. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. ह्या दोन तारखा मी मुद्दाम शेजारी ठेवतो. दिल्लीतलं पद हातातून सुटत होतं आणि औरंगाबादच्या माळावर दगड बसत होता. त्यातलं काय टिकलं ते आपण बघतोच आहोत.

पुढं ह्या कॉलेजला मिलिंद नाव दिलं आणि आवाराला नागसेनवन. 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथात मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्न विचारणारा. उत्तरं देणारा भिक्खू नागसेन. एखाद्यानं कॉलेजला उत्तर देणाऱ्याचं नाव दिलं असतं. बाबासाहेबांनी विचारणाऱ्याचं दिलं. हा राजा मोठा वादपटू, भल्याभल्यांना गप्प बसवलेला, पण नागसेनाचं पटल्यावर हार मानणारा. आपल्या काही कार्यकर्त्यांचा समज असा की आंबेडकरी कॉलेज म्हंजे जिथं सगळे एकसुरात घोषणा देतात ते. असं असतं तर नाव दुसरं असतं. नागसेनवनात ब्राह्मणांची, मराठ्यांची, मुसलमानांची पोरंही शिकून गेली. मराठवाड्यातल्या सवर्णांच्या घरात पदवी आली तिच्यातल्या कित्येक पदव्या ह्या आवारातून गेल्यात. ते हे बोलून दाखवत नाहीत, तो भाग सोडा.

पण बाकी सगळ्यांना ते कॉलेज होतं, आपल्याला ते गाव होतं. खेड्यातून पत्र्याची ट्रंक घेऊन आलेलं पोरगं पहिल्यांदा अशा जागी राहत होतं जिथं विहीर कोणाची हे विचारायचं नव्हतं. ह्याच आवारात १९६७ साली 'अस्मिता' निघालं, १९६८ पासून ते 'अस्मितादर्श' झालं. गंगाधर पानतावणे तिथंच शिकवत होते. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे प्राचार्य होते, त्यांच्यामुळं निग्रो साहित्याची (तेव्हा हाच शब्द चालायचा) चर्चा मराठीत आणि वसतिगृहाच्या व्हरांड्यात एकदमच सुरू झाली. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात तशीच पोरं रात्र रात्र भांडत बसायची, आणि १९७२ साली पँथर उभी राहिली. तिच्या चळवळीला वर्गखोलीनं काय दिलं ते मला सांगता येत नाही. खोल्यांनी दिलं, कॉटनी दिलं, एका चहात चौघांनी भागवण्यानं दिलं. शिवाय हेही सांगायला पाहिजे की नामदेव ढसाळ कॉलेजात गेलाच नाही, टॅक्सी चालवत होता. कॉलेजशिवाय माणूस घडत नाही असं म्हणायची सोय त्यानं ठेवली नाही.

मधेच अर्जाबद्दल लिहितो, कारण आपल्याला कॉलेज निवडण्याआधी एक रकाना निवडावा लागायचा. १९५६ ला आपण बौद्ध झालो. आपण हिंदू राहिलो नाही म्हणून केंद्राच्या लेखी अनुसूचित जातही राहिली नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या राखीव जागा १९९० पर्यंत बंद. त्या वर्षी कायदा बदलला तेव्हा बौद्धांचं नाव आत आलं. मधली तीसेक वर्षं घरोघर दोन दाखले होते, एक मनाचा, एक पोटाचा. माझ्या प्रवेशाच्या वेळी एका कॉलेजच्या कारकुनानं मी लिहिलेला 'बौद्ध' शब्द खोडला आणि वर 'हिंदू महार' लिहिलं. म्हणाला, तुझ्याच भल्याचं करतोय रे बाळा. माझ्या बापानं त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि परत 'बौद्ध' लिहिलं. बाहेर आल्यावर बाप बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, पुढं रेल्वेत नोकरी मागायला गेलास की हा शब्द आडवा येणार. दोन्ही खरं होतं. विचाराप्रमाणं प्रवेश घ्यायचा म्हंजे काय हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नाही, त्या खोडाखोडीनं शिकवलं.

पैशाची बाजूही राजकारणाचीच. व्हाईसरॉयच्या कौन्सिलमध्ये असताना बाबासाहेबांनी १९४२ साली अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं, आणि त्यातून अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे ती तिथून. काही पोरं त्यातून परदेशीही गेली. आज जी शिष्यवृत्ती उशिरा येते म्हणून आपण समाजकल्याणच्या दारात धरणं धरतो तिचा जन्म असा झाला. कुणी दानधर्म केलेला नाही.

मग १९७८. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या, विहिरीत घाण टाकली, माणसं मारली. पोचिराम कांबळेंना जयभीम सोड म्हणून सांगत मारलं. एका विद्यापीठाच्या नावापायी हे झालं. शहाणे लोक तेव्हा म्हणायचे, नावात काय आहे, नावानं पोट भरतं का? पोट भरत नाही हे आम्हालाही ठाऊक होतं. पण जाळणाऱ्यांना नावात काय आहे ते नेमकं कळलं होतं. पदवीच्या कागदावर कोणाचं नाव असावं, म्हंजे ज्ञानाचा मालक कोण, हा प्रश्न होता. नागसेनवनातल्या वसतिगृहात राहणारी पोरं अशी होती की इकडं ती सभा घेत होती आणि तिकडं गावाकडून खबर येत होती. १९७९ ला नागपूरहून लाँग मार्च निघाला. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, नांदेड, जिथं आपली पोरं शिकत होती तिथं ती रस्त्यावर आली. कितीकांचं वर्ष गेलं. गौतम वाघमारे १९९३ ला नांदेडात जळून गेला. नामांतर १४ जानेवारी १९९४ ला झालं, आणि तेही पुढं 'मराठवाडा' शब्द ठेवून, म्हणून आपण त्याला नामविस्तार म्हणतो.

आता आपल्या कॉलेजांबद्दल थोडं कडू. बाबासाहेब गेल्यावर पक्षाचे तुकडे झाले आणि तीच वाळवी संस्थेला लागली. विश्वस्त कोण ह्यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. जिथं पार्लमेंट भरत होती तिथं तारखा पडायला लागल्या. बाबासाहेबांची पुस्तकं ज्या ग्रंथालयांत ठेवलीत त्यांची निगा हा आपल्या चळवळीचा विषय कधी झाला नाही, पुतळ्याचा झाला. पुतळ्याला माझा विरोध नाही, त्या पुतळ्यासाठी मीही मार खाल्लाय. पण चौकात रात्री पहारा देणाऱ्या पोरांपैकी दहा जणांनी ग्रंथालयात संध्याकाळ काढली असती तर बरं झालं असतं, असं वाटतं ते लिहून टाकतो. म्हणून "आपल्याच कॉलेजात जा" हे वाक्य मी डोळे मिटून म्हणत नाही. आपलं असेल तर जाऊन ते आपलं कर, भांड, ग्रंथपालाला विचार, वर्ग होत नसतील तर दाराशी बस. नुसता फोटो लावलाय म्हणून कॉलेज आपलं होत नाही.

आणि त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्यांनीही आजचा हिशेब बघावा. २०१५ साली मद्रासच्या आयआयटीत आंबेडकर-पेरियार अभ्यास मंडळाची मान्यता काढली, देशभर ओरडा झाल्यावर परत द्यावी लागली. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच पोरांना वसतिगृहातून काढलं. रोहित वेमुलाची फेलोशिप आधीच थांबलेली होती. त्या पोरांनी उघड्यावर तंबू टाकला आणि त्याला नाव दिलं वेलिवाडा, तेलुगूत गावाबाहेरची आपली वस्ती. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. धारवाडपासून मोजत या. सगळ्यात पहिल्यांदा काय काढून घेतात? वर्गातली जागा नव्हे. खोली आणि पैसा. सावरकरांना फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढलं ते मी वर लिहिलंय, आणि ह्या पाचांना काढलं तेही लिहिलंय. दोन्हीकडं शब्द तोच आहे, काढलं. एकाच्या मागं पुणं उभं होतं. दुसऱ्यांच्या मागं गावाबाहेरची वस्ती होती, आणि तिला हैदराबादला यायला गाडीभाडं नव्हतं.

तेव्हा येणाऱ्या पोरापोरींनो, कॉलेज बघायला जाल तेव्हा प्राचार्यांच्या केबिनपासून सुरू करू नका. वसतिगृहावर जा. मागच्या वर्षीच्या आपल्या पोरांना गाठा. शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात हातात येते, तोवर मेसवाला थांबतो का, हे विचारा. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं ते बघा. एखादा मास्तर असा आहे का जो तुमचं मत पटलं नाही तरी सही करील, ते विचारा. अभ्यास मंडळ आहे का, नसेल तर चारजण जमतील का. चारच लागतात, वडाळ्यालाही सुरुवातीला फार नव्हते. आणि सिद्धार्थ, मिलिंद, महाडचं कॉलेज, नागपूरचं दीक्षाभूमीवरचं १९६४ चं कॉलेज, ही नावं यादीत वरती ठेवा. प्रवेश तिथं घ्या अगर नका घेऊ, पण एकदा जाऊन त्यांची ग्रंथालयं बघून या, बाबासाहेबांच्या हातची पुस्तकं कोणत्या कपाटात आहेत ते विचारा. विचारणारं कुणी येत नाही असं तिथल्या शिपायाला वाटायला लागलंय.